स्ट्रेचर धुणारी

स्ट्रेचर आमच्या दारात टाकून ते तिघं निघून गेले. टाकून म्हणजे अक्षरशः टाकून. भिंतीला टेकवून ठेवायचेही कष्ट घेतले नाहीत. मी अंगणात रिकामी पोती झटकत होते. आवाज झाला म्हणून वळले तर दुकानदाराची पाठ दिसली आणि नाकात ओकारीचा वास शिरला. गिरणीवाला खाली जाताना दोनदा ओकला होता. ते सगळं कापडावर तसंच वाळून बसलं होतं.

"आमचे हे कुठे आहेत?" मी ओरडून विचारलं.

"येतायत मागून," दुकानदार न वळताच म्हणाला.

हे आले तासाभराने, एकटेच. उजवा हात झोळीत बांधलेला, मान एका बाजूला कललेली, तोंड पांढरंफटक. दारात आले आणि उंबऱ्यावरच बसले.

"काय झालं?"

"खांद्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हात हलवायचा नाही."

"आणि गिरणीवाला?"

हे म्हणाले, "पोट साफ झालं त्याचं. उठून बसलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस पोट साफ झालं नाही म्हणून तो माणूस मरतो मरतो करत होता, आणि त्याच्या पोटासाठी माझ्या नवऱ्याचं हाड मोडलं. नेमकं बटाटे काढायच्या तोंडावर.

आमची वस्ती डोंगराच्या पोटात. गाडीरस्ता खाली ओढ्यापाशी संपतो. वर यायला फक्त पायवाट, आणि तीसुद्धा गेल्या पावसात दोन जागी वाहून गेलेली. कोणी आजारी पडलं, कोणी पडलं झडलं, कोणी बाळंतपणात अडलं, की आमच्या दारात हाक येते. कारण स्ट्रेचर आमचं आहे. माझे आजेसासरे, घरात सगळे त्यांना थोरले म्हणतात, मोठ्या युद्धात होते. बंदूक त्यांच्या हातात कधी आलीच नाही. त्यांचं काम जखमी उचलायचं. युद्ध संपल्यावर याच वस्तीतला सोबतचा एक माणूस तापाने फणफणलेला, त्याला या स्ट्रेचरवर घालून थोरल्यांनी आणि दुसऱ्या एकाने घरी आणला. तो जगला. तो म्हणजे आताच्या दुकानदाराचा आजोबा. स्ट्रेचर परत मागायला कोणी आलं नाही. तेव्हापासून ते आमच्या पडवीत आहे, आणि उचलायचं काम आमच्या घराच्या मानेवर आहे. सासरे वाकडे होऊन गेले. आता हे.

थोरल्यांनी दोन गोष्टी घालून दिल्या होत्या. एक, मेलेल्या माणसाला स्ट्रेचरवर घ्यायचं नाही, त्याला घाई नसते. दुसरी चालण्याची. पुढच्या दोघांनी डावा पाय आधी टाकायचा, मागच्या दोघांनी उजवा. सगळ्यांचे पाय एकदम पडले की स्ट्रेचर झोका घ्यायला लागतं, वरचा माणूस हेलकावतो आणि उतरणीला सगळं वजन पुढच्याच्या अंगावर येतं. आमच्या घरात पोर चालायला लागलं की ही चाल शिकवतात. वस्तीत कोणी शिकलं नाही.

"मी सांगत होतो त्यांना," हे म्हणाले. "वाहून गेलेल्या जागेवर तर ओरडून सांगितलं. दुकानदार म्हणतो, फौजेत आहोत का आपण? आणि तिघांनी एकदम पाय टाकला."

मी स्ट्रेचर झऱ्यावर नेलं आणि धुतलं. कोणी दुसरं धुणार नव्हतंच. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून ते माझ्याच अंगावर आहे. ओकारी, लघवी, पू, रक्त, काय नाही धुतलं मी त्या झऱ्यावर. या वस्तीतल्या प्रत्येक माणसाच्या आतलं मला माहीत आहे, आणि तीच माणसं दुकानात माझ्या आधी दुसऱ्यांना माल देतात.

बटाट्यांच्या अठरा सऱ्या होत्या. पाला सुकून पिवळा पडलेला, आभाळ रोज दुपारी भरून यायचं. पाऊस आला असता तर जमिनीतच सडले असते. कुदळ माझ्या हातात, लेक मागून वेचणारी, हे जमिनीवर बसून डाव्या हाताने माती चाळत सरकणारे, आणि सासूबाई बांधावर निवड करत बसलेल्या. लेक पंधरा वर्षांची आहे. दिवसभर वाकून ती संध्याकाळी सरळ उभी राहायची तेव्हा तोंडातून आवाज निघायचा, म्हातारीसारखा.

बटाटे काढताना कुदळ रोपापासून वीतभर लांब मारायची असते, नाहीतर बटाटा कापला जातो, आणि कापलेला टिकत नाही. मला हे लहानपणापासून माहीत आहे. पण डोकं ठिकाणावर नसलं की हात जवळ पडतो. पहिल्या दोन सऱ्यांत मी इतके बटाटे कापले की सासूबाई बांधावरून म्हणाल्या, "कोणाचं डोकं फोडतेयस?"

"नाव घेऊ का?"

"नको. बटाटे वाचव."

पाच दिवस झाले. कोणी आलं नाही. वाटेवरून लोक जायचे, उभे राहायचे, "हात कसा आहे?" विचारायचे आणि चालायला लागायचे. पाचव्या दिवशी मी दळण घेऊन गिरणीवर गेले. गिरणीवाला टुणटुणीत होऊन वर आला होता, पट्ट्याजवळ खुर्ची टाकून बसला होता. त्याचे दोन मुलगे बाहेर सावलीत पत्ते खेळत होते. चांगले दांडगे, लग्नाला आलेले.

"भावजी," मी म्हटलं, "तुमचे दोन्ही मुलगे दोन दिवस पाठवा. बटाटे जमिनीत आहेत. यांचा हात तर तुम्हाला माहीतच आहे."

गिरणीवाल्याने पिठाचा हात मांडीला पुसला. "बघू," म्हणाला. "त्यांनाही कामं आहेत."

मी सावलीकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"तुमच्यासाठीच खांदा मोडला यांचा," मी म्हटलं. मला म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

"ते तुमच्या घराचं कामच आहे ना वहिनी. पिढ्यान्‌पिढ्या. आम्ही काय नवीन सांगितलं?" आणि मोठ्याने हसून मागच्या बाईला म्हणाला, "घे, तुझं डबडं आण पुढे."

माझं दळण मागे राहिलं. मी तासभर उभी राहिले. निघाले असते, पण घरात पीठ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावलेला एक परका माणूस आला. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला स्ट्रेचरबद्दल सांगितलं होतं. शहरात त्याचं जुन्या वस्तूंचं मोठं दालन आहे म्हणे, युद्धातल्या वस्तू गोळा करतो. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, बूट. घामाघूम होऊन वर आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बघू शकतो का?"

मी पडवीतून स्ट्रेचर काढून अंगणात उलगडलं. दोन लाकडी दांडे, चार लोखंडी पाय, मध्ये जाड कापड. दांड्यावर डागून उमटवलेला नंबर आहे. त्याने तो बोटाने चाचपला, भिंग काढून पाहिला, पुन्हा चाचपला. मग त्याची नजर कापडावर गेली. मधोमध, जरा खाली, परातीएवढा काळपट डाग आहे. त्याच्या कडा तपकिरी.

तो एकदम सरळ उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली. "हे... हे रक्त आहे?"

"जुना डाग आहे," सासूबाई म्हणाल्या.

"किती जणांचं रक्त असेल यात," तो हळू आवाजात म्हणाला. टोपी छातीशी धरून उभाच राहिला.

तो डाग माझा होता.

अकरा वर्षांपूर्वीचा. सातवा महिना होता. झऱ्यावरून येताना पाय घसरला आणि रक्त सुरू झालं ते थांबेना. चौघांनी मला या स्ट्रेचरवरून खाली नेलं. वाटेतल्या मोडक्या भिंतीच्या वळणापाशी मला कळलं की पोटातलं हलायचं थांबलंय. मुलगा होता. मी बारा दिवस दवाखान्यात होते, हे आणि सासूबाई माझ्यापाशी. नेणाऱ्यांनी स्ट्रेचर परत आणून अंगणात टाकलं. मी घरी आले तेव्हा ते तिथेच होतं. बारा दिवस उन्हात. मीच उचललं, मीच झऱ्यावर नेलं आणि घासलं. डाग निघाला नाही.

आणि कापड युद्धातलं नव्हतंच. थोरल्यांच्या वेळचं कधीच फाटलं. लेक माझ्या पोटात होती तेव्हा सासूबाईंनी हे नवीन शिवलं, दाभणाने, बसून आठ दिवस.

हे सगळं मला तिथेच ओरडून सांगायचं होतं. पण मी नुसती त्याच्या हातातल्या टोपीकडे बघत राहिले. त्या माणसाने टोपी काढली होती ना. अकरा वर्षांत त्या डागासमोर कोणी कधी थांबलंही नव्हतं.

मग त्याने किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत एक खेचर आलं असतं. तरणं, खोगिरासकट.

खेचर. ते वाटेवरून पोती खाली नेईल, दळण वर आणेल, आजारी माणसालाही नेईल, आणि त्याला कोणी 'तुमचं कामच आहे' म्हणणार नाही. माझ्या नवऱ्याची मान सरळ राहील. मला झऱ्यावर बसून लोकांची ओकारी धुवायला नको.

"एकच अट," चष्मेवाला म्हणाला. "कृपा करून धुऊ नका. तो डाग तसाच हवा. खरं सांगायचं तर किंमत त्याचीच आहे. तीन दिवसांनी माणूस घेऊन येतो."

तो गेला आणि आमच्या घरात आग लागली.

"विकायचं," मी म्हटलं.

"आपल्या घराण्याचं आहे ते," हे म्हणाले. "आणि उद्या कोणी पडलं तर?"

"तर त्याला गिरणीवाला नेईल पाठीवर! दुकानदार नेईल! तुम्ही डाव्या हाताने भाकरी मोडताय आणि तुम्हाला कोण पडेल याची काळजी?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार. या घरात ओरडणारी एक तरी पाहिजे. तुमच्या वडिलांना शेवटी पाठीवर झोपता येत नव्हतं, कुशीवर वळवायला दोघं लागायची. ते स्ट्रेचर वापरणाऱ्यांतलं कोण आलं होतं वळवायला?"

हे उठून बाहेर गेले. भांडण झालं की बाहेर जायचं, ही यांची सवय. मग मी सासूबाईंकडे वळले.

"आणि तुम्ही. तुम्हाला माहीत होतं तो डाग कोणाचा ते. कापड तुम्ही शिवलंय. तो माणूस टोपी काढून उभा, आणि तुम्ही तोंडात मूग गिळून बसलात?"

सासूबाईंनी निवडलेले बटाटे टोपलीत टाकले. एकेक. "त्याने टोपी काढली ती सैनिकांसाठी," त्या म्हणाल्या. "तुझं आहे म्हटलं असतं तर नाक मुरडलं असतं. मला ते बघायचं नव्हतं."

मी लेकीकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"कोणाचं आहे रक्त?" तिने विचारलं.

"तुझ्या भावाचं," सासूबाईंनी सांगितलं. "आणि हिचं. जा, कुदळ आत आण."

वस्तीत बातमी पोचायला किती वेळ लागतो? संध्याकाळी दुकानदार आला, मागे तिघं-चौघं. गिरणीवालाही होता. अंगणात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"ऐकलंय ते खरं आहे का?" दुकानदार यांना म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही.

"विचार चाललाय," हे म्हणाले.

"विचार कसला? ही काय तुमच्या एकट्याची वस्तू आहे? माझा आजोबा आलाय त्याच्यावर. गावाची वस्तू आहे ती. गावाला विचारल्याशिवाय विकता कशी येईल?"

"गावाची?" मी पुढे झाले. "बरं. गावाची आहे ना? मग गावाने एकदा तरी धुतलंय?"

"वहिनी, बायकांनी मध्ये..."

"मी मध्येच आहे! तुमच्या आईचं शेवटचं सगळं मी धुतलंय त्या कापडावरून. तुमच्या धाकट्याचं डोकं फुटलं तेव्हाचं मी धुतलंय. या भावजींचं आठ दिवसांपूर्वीचं मी धुतलंय, आणि काय होतं ते सांगू का सगळ्यांसमोर?"

गिरणीवाला खाली बघायला लागला. मागे कोणीतरी खुसकन हसलं.

"गावाची वस्तू असती तर गावात फिरली असती," मी म्हटलं. "कधी तुमच्या पडवीत, कधी यांच्या. उचलायला आमचे खांदे, धुवायला माझे हात, आणि विकायच्या वेळी गाव! आमच्या शेतात दहा सऱ्या अजून जमिनीत आहेत. तेवढ्या मात्र आमच्या एकट्याच्या, नाही का?"

दुकानदार यांना म्हणाला, "समजाव जरा तिला."

आणि यांनी, माझ्या नवऱ्याने, ज्याने आयुष्यात कोणाला उलट उत्तर दिलं नाही, त्याने मान वर केली. दुखली असावी, तोंड वाकडं झालं. "ती बरोबर बोलतेय," म्हणाले.

ते गेले. त्या दिवशी मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

तिसऱ्या दिवशी चष्मेवाला एक मजूर आणि पांढरी चादर घेऊन आला. स्ट्रेचर गुंडाळायला चादर. धुतलेली, इस्त्री केलेली. त्याने मजुराला बजावलं, "डागाला हात लावू नकोस, घासला जाईल." चादर अंगणात पसरली. मग खिशातून एक कागद काढून यांना दाखवला. "वस्तूच्या खाली हे लावणार. वाचा, काही चुकलं असेल तर सांगा."

यांनी लेकीला वाचायला सांगितलं. तिने वाचलं. थोरल्यांचं काम, दांड्यावरचा नंबर, सगळं बरोबर होतं. शेवटी लिहिलं होतं, "कापडावर आजही दिसतं ते रणांगणावर सांडलेलं वीरांचं रक्त."

लेक थांबली. माझ्याकडे बघितलं तिने.

"ते चुकलंय," मी म्हटलं.

"काय चुकलंय?"

"रक्त माझं आहे. अकरा वर्षांपूर्वीचं. पोटातलं मूल गेलं तेव्हाचं. कापड युद्धातलं नाही, यांच्या आईने शिवलंय. दांडे खरे आहेत."

चष्मेवाल्याने आधी स्ट्रेचरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पटकन दुसरीकडे. सासूबाई म्हणाल्या होत्या तसं नाक काही मुरडलं नाही त्याने. पण एक पाऊल मागे सरकला. आणि टोपी डोक्यावरच राहिली.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे, बघा," तो आवाज खाली करून म्हणाला, "हे आपल्यातच राहिलं तर कोणाचंच नुकसान नाही. किंमत ठरलीय ती ठरलीय. लोक येतील, बघतील, मान खाली घालतील. चांगलंच आहे की ते."

"मग खरं लिहा आणि ठेवा. या वाटेवर एका बाईचं मूल गेलं, हे तिचं रक्त. लिहा असं."

तो हसला. वाईट हसला नाही, लहान पोराची समजूत काढताना हसतो तसं. "बाई, ते बघायला कोण येणार?"

खेचर माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं. मी खोटं सांगणार नाही, उभं होतं, खोगिरासकट. फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यभर बसलेच होते की गप्प. हे माझ्याकडे बघत होते, सासूबाई बघत होत्या. मी विकायचं म्हणून भांडले होते, आता मीच ठरवायचं होतं.

मी वाकले, त्याची पांढरी चादर उचलली, घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"निघा," मी म्हटलं. "उतरणीला जपून. वाट वाहून गेलीय."

तो गेल्यावर मी शेतात गेले आणि अंधार पडेपर्यंत खणत राहिले. रडले नाही. रडायचं कशाला? स्वतःच्या हाताने खेचर घालवलं होतं. हे शेजारच्या सरीत बसून माती चाळत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बरं केलंस."

"काही बरं केलं नाही," मी म्हटलं. "तुमचा खांदा मोडलाय आणि घरात दांडेच आहेत. बरं कसलं?"

पण खरी कमाल पुढेच होती. सकाळी दुकानात गेले तर दुकानदाराने मला सगळ्यांच्या आधी माल दिला. वर चार माणसांत म्हणाला, "वहिनींनी गावाची लाज राखली. म्हटलं नव्हतं मी? आपली माणसं ती आपली माणसं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुमच्यासाठी नाही ठेवलं," मी म्हटलं.

"तेच ते," तो म्हणाला आणि हसत हसत मीठ बांधून दिलं.

सहा सऱ्या उरल्या होत्या तेव्हा, दुपारी, गिरणीवाला धावत आमच्या शेतात आला. मी त्याला धावताना कधी पाहिलं नव्हतं. गिरणीच्या छपराचा पत्रा बसवताना त्याचा मोठा मुलगा खाली आला होता. मांडीचं हाड कातडी फोडून बाहेर.

"वहिनी," एवढंच म्हणाला. हात नुसते पडवीच्या दिशेने हलत होते.

काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं मी या दिवसासाठी. एकही शब्द वापरता आला नाही. मुलगा तो मुलगा. मी कुदळ टाकली, स्ट्रेचर खांद्यावर घेतलं आणि पळाले, लेक आणि हे मागोमाग. मुलगा पत्र्याशेजारी पडला होता, ओठ निळे पडलेले. लेकीने फडकं फाडून मांडी आवळून बांधली. आम्ही त्याला उचलून वर घेतला, पाय उताराकडे. मागचं एक टोक गिरणीवाल्याने धरलं, दुसरं त्याच्या धाकट्याने. पुढे दुकानदार आला. चौथं टोक मोकळं. आजवर ते आमच्याच घराचं होतं. हे झोळीतला हात सोडायला लागले.

"हात लावाल तर बघा," मी म्हटलं आणि पुढचं ते टोक मीच धरलं.

"बाईमाणूस उतरणीला?" दुकानदार म्हणाला.

"तोंड बंद. मी म्हणेन तसं चालायचं. पुढचे आपण दोघं, डावा पाय आधी. मागचे दोघं, उजवा. एकाचाही चुकला तर इथेच खाली ठेवीन आणि पहिल्यापासून शिकवीन. डावा!"

चाललो. वाहून गेलेल्या जागेवर दुकानदाराचा पाय चुकायला लागला, स्ट्रेचर झोका घ्यायला लागलं, मुलगा किंचाळला. मी थांबवलं सगळ्यांना. "बदला पाय." त्याने बदलला. पुन्हा निघालो. वजन असं काही खांद्यात उतरत होतं की डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि पहिल्यांदा मला कळलं की यांनी, सासऱ्यांनी, वीस वीस वर्षं काय वाहिलं. मोडक्या भिंतीचं वळण आलं. मी खाली बघितलं नाही. नुसतं म्हणत राहिले, डावा, डावा, डावा.

मुलगा वाचला. पाय राहील म्हणाले डॉक्टर, जरा आखूड होईल. त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी आली, धाकटा सोबत गेला. दुकानदार "दुकान उघडं आहे" म्हणत पुढे सटकला. स्ट्रेचर दवाखान्याच्या ओसरीवर उभं होतं, ताज्या रक्ताने भिजलेलं. गिरणीवाला त्याच्याकडे बघत उभा होता, हात लोंबत.

"उचला," मी म्हटलं.

एक टोक त्याने घेतलं, एक मी. वर चढून आलो. आमच्या घराचा फाटा आला तसा तो सवयीने अंगणाकडे वळला. मी वळले नाही.

"इकडे," मी म्हटलं, आणि त्याला झऱ्यावर नेलं.

दगडावर माझा साबण आणि घासायचा ब्रश कायम असतो. तो मी त्याच्या हातात दिला आणि समोरच्या दगडावर बसले. खांदा सुजून आला होता, हात वर होत नव्हता. तो जरा वेळ ब्रशकडे बघत राहिला. मग गुडघ्यावर बसला आणि घासायला लागला. त्याला येत नव्हतं. पाणी आधी मारायचं असतं, थंडच मारायचं, मग साबण. मी सांगितलं, त्याने तसं केलं. मुलाचं रक्त पाण्याबरोबर निघून चाललं, आधी लाल, मग गुलाबी. तो घासता घासता रडत होता. मी रडू दिलं. नाक पिठाच्या बाहीला पुसत होता आणि घासत होता.

बऱ्याच वेळाने थांबला. "हा एवढा निघत नाहीये," म्हणाला. मधोमध, जरा खाली, ब्रश टेकवून.

"तो तुमच्या मुलाचा नाही. माझा आहे."

ब्रश तिथेच राहिला. अकरा वर्षांपूर्वी मला खाली नेणाऱ्या चौघांत हा होता. मागच्या दांड्याला, माझ्या डोक्याशी. नीट नेलं होतं त्यांनी मला, ते मी नाकारत नाही. परत आल्यावर स्ट्रेचर अंगणात टाकून गेला, तोही हाच. आठवलं असावं त्याला. मान वर करून माझ्याकडे बघण्याची त्याची हिंमत झाली नाही.

"त्याच दिवशी कोणी धुतला असता, तर निघाला असता, भावजी," मी म्हटलं. "तुमच्या मुलाचा अजून ओला आहे. घासा."

तो घासायला लागला. मी दगडावर बसून बघत राहिले.